शमशेरची घाई

घोडेगावात गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी शमशेरचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, लाउडस्पीकरवाले बॅटऱ्या टाकून जायचे आणि दुसऱ्या दिवशी न्यायला यायचे. एकाहत्तर साली शमशेरच्या डोक्यानं घेतलं, की बाजार उठायच्या आत बॅटरी भरून द्यायची. त्यानं नगरहून जुना मोठा चार्जर आणला आणि करंट वाढवला. बॅटऱ्या हात लावू नये इतक्या तापायच्या, दुकानभर नाकाला झोंबणारा वास सुटायचा. पण भरायच्या.

"आवो, येवढं तापवताय, तिला सोसंल का?" बायको बिबीजान म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" शमशेर हसला. आता आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येत होती आणि त्याची मान ताठ झाली होती.

गहिनीनाथ ट्रॅक्टर चालवायचा. दोघं एकाच नदीत पोहायला शिकलेले. त्या दिवशी तो बॅटरी न्यायला आला, तेव्हा दुकानात गर्दी होती. "झाली का रं?" म्हणत तो बॅटरीवर वाकला. शमशेरनं घाईघाईत बटण बंद न करताच बॅटरीवरचा तारेचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली, बॅटरीतून सुटून कोंडलेला गॅस पेटला आणि बॅटरी फुटली. ॲसिड गहिनीनाथच्या तोंडावर उडालं. बिबीजाननं कळशीमागून कळशी ओतली, तरी डावा डोळा गेलाच.

नगरच्या दवाखान्यातून तो परत आला, तेव्हा पारावर माणसं जमली. शमशेरही होता.

"कसं झालं रं हे?" कुणीतरी विचारलं.

गहिनीनाथ म्हणाला, "माजीच चूक. मी बिडी पेटवली तिथं."

बिडी नव्हतीच. सगळे गहिनीनाथला बोल लावत घरी गेले. शमशेरला वाटलं, यानं चारचौघांत दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोटं का बोल्लास?" वाटेत त्यानं खाली बघूनच विचारलं.

"मंग काय करू? लोकं आली न्हाईत तर तू काय खाशील?"

त्या दिवसापासून गहिनीनाथ समोरून येताना दिसला, की शमशेर दुसऱ्या बोळात शिरायचा.

मोठा चार्जर त्यानं कोपऱ्यात सारला, तशी बाहेरगावची माणसं यायची थांबली. पण मन स्वस्थ बसू देईना. दुकानामागं चारी बाजूंनी उघडं छप्पर घातलं, मोठा चार्जर तिथं नेला आणि जुन्या बॅटऱ्या मांडून, बुचं काढून तो लांबून बघत बसायला लागला. बघता बघता ध्यानात आलं, की रिकामी बॅटरी सुरुवातीला कितीही करंट मुकाट पिते. भरत आली, की मग बुडबुडे काढते, तापते, गॅस सोडते. आपण भरल्या पोटी कोंबत होतो. मग त्यानं आधी जोरात आणि बुडबुडे दिसले की हळूहळू कमी, असं करून पाहिलं. बटण लांबच्या खांबावर ठोकलं. ते बंद करायला चालत जावंच लागे, घाईत विसरायची सोय राहिली नाही. बॅटरी पुन्हा बाजार उठायच्या आत भरायला लागली, आणि हाताला जेमतेम कोमट लागायची.

लोक परत आले, कौतुक करू लागले. तेव्हा मात्र शमशेरला राहवलं नाही. भर बाजारात तो म्हणाला, "गहिनीनाथनं बिडी पेटवली न्हवती. चिमटा मी वढला, चालू करंटात. त्याचा डोळा माज्यामुळं गेला."

मग एक म्हातारा म्हणाला, "शमशेरभाई, दोस्ताची चूक आपल्या अंगावर घेताय. लई मोठं मन तुमचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शमशेर पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तसतसं त्याचं मन त्यांना आणखीच मोठं वाटू लागलं. गर्दीच्या कडेला गहिनीनाथ बॅटरी घेऊन उभा होता. "आन हिकडं," एवढंच म्हणून शमशेरनं त्याच्या हातातून ती घेतली. वर बघायचं धाडस त्याला झालं नाही.