आम्ही मेजरांना परत आणलं

माधवनगरला आमच्या मंडळाची फुटबॉलची टीम होती आणि मेजर तिचे कोच होते. फौजेत ते हवालदारच होते, पण आमच्याकडं रिटायर होऊन आलेल्या प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात. पाटणजवळच्या एका गावचे. माधवनगरच्या कापडगिरणीच्या गेटवर ड्यूटी करायचे आणि ड्यूटी संपली की थेट मैदानावर यायचे. डाव्या पायानं थोडे लंगडायचे, पण त्याच पायानं बॉल मारला की गोलीच्या हाताला झिणझिण्या यायच्या. त्यांच्या काळात आम्ही सलग दोन वर्षं फायनल खेळलो आणि एक जिंकलोही. त्या दिवशी गिरणीचे कामगार कापडाचे तागे खांद्यावर घेतात तसे मेजरांना खांद्यावर घेऊन नाचले होते.

मी तेव्हा सांगलीत एका वाचनालयात कारकून होतो. स्वतः कधी धड खेळलो नाही, पण मॅच एकही चुकवली नाही. आमची बैठक रेल्वे फाटकाजवळच्या सलूनमध्ये असायची. सलूनवाले काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून ठेवायचे आणि ऑफसाइड कसा होता ते सांगत बसायचे. साबण वाळून जायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला एका सेमीफायनलला मेजरांनी आमच्या सगळ्यात चांगल्या फॉरवर्डला बाहेर बसवलं. कारण काय, तर तो दोन दिवस सकाळच्या सरावाला आला नव्हता. आम्ही एका गोलनं हरलो. शेवटची दहा मिनिटं सगळं मैदान ओरडत होतं, "घाला त्याला आत!" मेजर हाताची घडी घालून उभे. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये ठरलं की मंडळाकडं अर्ज द्यायचा. अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. 'सदर प्रशिक्षकांच्या हेकेखोर वृत्तीमुळे संघाचे अपरिमित नुकसान होत आहे,' असं एक वाक्य त्यात होतं. ते मला सुचलं होतं आणि लिहिल्यावर मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. पहिली सही काकांची, दुसरी माझी, मग रांगच लागली. मेजर मंडळात आले, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि "बरं," एवढंच म्हणाले. त्या महिन्याच्या शेवटी गेटवरची नोकरी सोडून गावी गेले. स्टँडवर पोचवायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत आमची टीम आटत गेली. गिरणीची आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. आमचा डावा बॅक भिवंडीला गेला, दोघं हाफ इचलकरंजीला यंत्रमागावर गेले. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो फॉरवर्ड गुडघ्याच्या दुखण्यानं घरी बसला. हे सगळं आम्हाला माहीत होतं. सलूनमध्ये बसून याच गोष्टी आम्ही बोलायचो. पण मैदानाच्या कडेला जाऊन बसलो की आम्हाला काही म्हणजे काही कळायचं नाही. दुसरा गोल खाल्ला की कुणीतरी म्हणायचं, "मेजर असते तर!" आणि तिथून सगळे सुरू व्हायचे. "तवा शिस्त हुती." "न्हाई आला सरावाला तर बस बाहेर, कुणीबी असू दे." ज्या गोष्टीसाठी त्यांना घालवलं तीच आता आम्ही एकमेकांना अभिमानानं सांगत होतो. अर्जाचा विषय मात्र कुणी काढत नसे. मीही नाही.

मेजरांच्या जागी मिरजेच्या एका शाळेतले खेळाचे सर आले होते. किरकोळ अंगाचे, चष्म्याला मागून नाडी बांधलेली. शाळा सुटली की मिरजेहून सायकल मारत यायचे. माणूस चांगला होता. पोरांना कधी लागट बोलला नाही. पण हरायला लागलो की लोक त्यांच्या पाठीमागं उभे राहून टाळ्यांच्या ठेक्यावर "मे-जर! मे-जर!" ओरडायचे. मी पण ओरडलोय. सर वळून बघायचे नाहीत. मान थोडी खाली जायची, एवढंच.

एका दुपारी ते वाचनालयात आले. मला वाटलं पुस्तक हवं असेल. टेबलासमोर उभे राहून चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही आणि ते सलूनवाले, तुम्हीच जाऊन मेजरांना घेऊन या. मी बाजूला होतो."

मी म्हणालो, "सर, लोकांचं काय मनावर घेताय?"

"मनावर घेत नाही हो. पण ते ओरडणं ऐकून ऐकून पोरं आता खालमानेनं मैदानात येतात. त्यांच्यासाठी म्हणतो. पुढं मिरजेच्या टीमबरोबर मॅच आहे. ते आले तर काहीतरी होईल."

ते गेल्यावर मी बराच वेळ एकाच कार्डावर शिक्का धरून बसलो होतो.

रविवारी काका आणि मी सांगलीहून कऱ्हाडला, कऱ्हाडहून पाटणला आणि तिथून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं मेजरांच्या गावी गेलो. घर शोधावं लागलं नाही. मेजर ओसरीवर बायकोबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. वजन उतरलं होतं. आम्हाला बघून उठले, काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि घरात बघून म्हणाले, "पाणी आणा गं. सांगलीची मंडळी आलीत." त्यांची सून पाणी घेऊन आली.

काकांनी सगळं सांगितलं. मेजर शेंगा सोलत ऐकत होते. मग त्यांनी एकेकाची चौकशी सुरू केली.

"डावा ब्याक?"

"भिवंडीला गेला," मी म्हणालो.

"दोघं हाफ?"

"इचलकरंजीला."

"गोली तरी हाय का?"

"आहे. पण लग्न झाल्यापासून..."

"मग आवं, मी कुणाला खेळवू?" ते शांतपणे म्हणाले. "माणसं न्हाईत आन् तुमी मला न्यायला आलाय."

काका म्हणाले, "तुमी नुसतं उभं ऱ्हावा मेजर. तुमाला बघूनच प्वारं पळत्याली."

मेजरांच्या बायकोनं सोललेल्या शेंगांचं ताट उचललं. आत जाता जाता त्या म्हणाल्या, "जाऊ नगा तुमी. गेल्या बारीला हितं येऊन सा महिनं बोलला न्हाईसा कुणाशी." काकांना आणि मला वर बघवेना.

मग मेजर माझ्याकडं वळले. "तुमचं अक्षर लय चांगलं हाय," म्हणाले. "त्यो अर्ज मी दोनदा वाचला हुता. एक शब्द लागला न्हाई, त्यो हितल्या शाळंच्या मास्तरांना इचारला. हेकेखोर."

वाटेत एसटीत मी माफीची वाक्यं मनात जुळवली होती. त्यातलं एक तोंडात येईना. मेजर मात्र रागावलेले दिसत नव्हते. शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाले, "शब्द बराबर हुता. हाय मी तसा."

चहा झाला. समोर बांधावर म्हशी चरत होत्या. मेजर तिकडं बघत राहिले आणि अचानक म्हणाले, "मिरजवाले आजून उजव्या बाजूनंच चढत्यात का?"

काकांचा चेहरा फुलला. मला मात्र त्या क्षणी वेगळंच दिसलं. हा माणूसही आमच्यासारखाच दोन वर्षं तिथंच, त्या मैदानावर उभा होता. आम्ही त्याला बोलवायला आलो नसतो तर तो कधी आला नसता, पण आता बोलावल्यावर त्याच्यानं नाही म्हणवणार नव्हतं.

"येक म्याच," ते म्हणाले. "येकच."

ते आले ते मॅचच्या आठ दिवस आधी, आणि काकांच्या घरी राहिले. पहिल्या सकाळी त्यांनी पोरांना रुळाच्या कडेनं पळायला लावलं, पूर्वीसारखं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पाचेक मिनिटांत निम्मी पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एक जण तर खालीच बसला. मेजर त्याच्याजवळ गेले. मला वाटलं आता ओरडणार.

"काल रातच्याला काय खाल्लं?"

पोरगं बसल्या जागी गवत उपटत राहिलं.

पूर्वी गिरणीच्या कॅन्टीनमधून खेळाडूंना दूध आणि अंडी मिळायची. कॅन्टीन बंद होऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी मेजरांनी पळवलंच नाही. सगळ्यांना गोलात बसवलं, पिशवीतून शेंगदाणे आणि गूळ काढला आणि पोरं खात असताना जागा कशी धरायची, पास कधी सोडायचा ते मातीवर काडीनं काढून दाखवलं. आठही दिवस मिरजेचे सर येत होते. लांब उभे राहायचे, बॉल बाहेर गेला की आणून द्यायचे. मेजरांनी त्यांना बोलावून शेजारी बसवलं तर ते शाळेतल्या मुलासारखे पाय जुळवून बसले.

सलूनमध्ये त्या आठवड्यात नुसता उत्साह होता. काका म्हणाले, "बघा तुमी, तीन गोल मारतोय." मी पाहिलेलं कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं की कदाचित मला खेळातलं कळत नसेल. खरं सांगायचं तर मलाही तीन गोल हवे होते.

मॅच सांगलीत होती, दुपारी चारला. एवढी गर्दी आम्ही फायनललाही बघितली नव्हती. बंद पाळीचे कामगार, पूर्वी बघायला येणारे म्हातारे, सगळे आले होते. मेजर मैदानात येताच हार घातला, फटाक्यांची माळ लावली. "मे-जर! मे-जर!" या वेळी ते ओरडणं कुणाला टोचण्यासाठी नव्हतं. मेजरांनी एकदा हात वर केला आणि लगेच खाली घेतला. त्यांना ते आवडलं नाही असं मला वाटलं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं आम्ही बरोबरीनं खेळलो. आमच्या एका पोरानं मारलेला बॉल खांबाला लागून परत आला, आणि सगळं मैदान एकदम उठून उभं राहिलं. मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्यानंतर पोरांची पावलं जड झाली. मेजर कडेवरून ओरडत होते, "जागा सोडू नगं! जागा!" पोरांना जागा कळत होती, पण तिथं वेळेत पोचता येत नव्हतं. मिरजवाले उजव्या बाजूनंच आले. हाफटाइमला आमच्यावर दोन गोल झाले होते. नंतर आणखी तीन.

चौथ्या गोलपर्यंत लोक गप्प होते. मग माझ्या मागून आवाज आला, "म्हाताऱ्यानं आठ दिस शेंगा खायला घातल्या, आनि काय हुनार?" कुणीतरी हसलं. आणखी एक जण म्हणाला, "त्यापरास मिरजंचा सर बरा. दोन-तीनवर तरी थांबत हुतं." मी मागं वळून बघितलं नाही. आवाज ओळखीचे होते. अर्जावर सह्या त्यांच्याही होत्या, आणि मघाशी हार घालायलाही तेच पुढं होते.

मेजरांनी ऐकलं. हाताची घडी घालून ते शिट्टी होईपर्यंत उभे राहिले. मला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं. त्या माणसांना गप्प करावं, किंवा जाऊन मेजरांशेजारी नुसतं उभं राहावं. मी जागेवरून हललो नाही. काका माझ्या शेजारी दोन्ही गुडघ्यांत मान घालून बसले होते. मॅच संपल्यावर पोरांना पाणी द्यायला मिरजेचे सर एकटे मैदानात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरांना सांगलीच्या स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो. काका म्हणाले होते, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. कऱ्हाडची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकड्यावर बसलो. मी म्हणालो, "मेजर, चूक आमची झाली. तेव्हाची पण आणि आत्ताची पण."

त्यांनी थोडा विचार केला. "तवाची आसंल," म्हणाले. "आत्ता मीच आलो की. मला ठावं हुतं काय हुनार ते." मग म्हणाले, "त्या पोराला डागदरकडं न्या. खाली बसला हुता त्यो. धाप चांगली न्हाई त्याची."

गाडी आली. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चढले. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळं ते नंतर दिसले नाहीत.

त्या पोराला मी डॉक्टरकडं नेलं. छातीत काही नव्हतं, अशक्तपणा होता. पुढच्या वर्षी तोही इचलकरंजीला गेला. मी मेजरांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि तिसरं लिहायला मी धजलो नाही.

टीम आणखी एक हंगाम खेळली. मिरजेचे सर पुन्हा सायकलवरून यायला लागले. आम्ही पुन्हा मैदानाच्या कडेला जाऊन बसायला लागलो, पण आता गोल खाल्ल्यावर बोलायला काही उरलं नव्हतं. आधी हरताना निदान म्हणता यायचं की तो माणूस असता तर हे झालं नसतं. ते एक आमच्याजवळ होतं, आणि आम्हीच एसटीचं तिकीट काढून जाऊन ते संपवून आलो होतो. एकदा न राहवून मी सलूनमध्ये मेजरांचं नाव काढलं. काकांनी गिऱ्हाइकाच्या मानेवरून मशीन फिरवत म्हटलं, "त्यो इषय नगं." गिऱ्हाइकानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.