अख्खा कप

परवा हैदराबादेत, कोठी भागातल्या इराणी हॉटेलात एकटाच बसलो होतो, वेटरने न विचारताच अख्खा चहा समोर आणून ठेवला आणि काही वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ डोक्यात घोळायला लागली. आमच्या मोहल्ल्याच्या हॉकी क्लबचे आम्ही पाचसहा चाहते ह्याच टेबलाशी भांडत होतो. नामपल्लीकडचा एक क्लब त्यांचा सेंटर हाफ आम्हाला द्यायला तयार होता. बदल्यात त्यांना हवा होता आमचा दुसरा गोलकीपर, माझा लहानपणचा दोस्त, जो सगळा सीझन बेंचवर बसून होता. "त्या सेंटर हाफचा गुडघा कामातून गेलाय," मी म्हणालो. "नाही चालला तर नाही, आपलं काय जातंय? द्यायचाय तो बेंचवरचा माणूस!" क्लबचे म्हातारे सेक्रेटरी म्हणाले. "हौ, नुकसान कायच नाही," बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी टेबलावर हात आपटला, आणि नेमका तेव्हाच माझा तो दोस्त पॅडची बॅग खांद्याला अडकवून आत आला. आमच्या टेबलाची रीत अशी, की क्लबच्या माणसांचा चहा कायम वन बाय टू, एक चहा दोघांत. अख्खा कप फक्त पाहुण्याला. सेक्रेटरींना बिचाऱ्यांना त्याला खूश करायचं असावं. "आव बेटा, बैठो," म्हणत त्यांनी वेटरला हाक दिली, "इनको फुल चाय!" तो वाफाळत्या कपाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "कुठल्या क्लबला दिलं रे मला?" परवा मी वेटरकडून एक रिकामा कप मागून घेतला आणि अर्धा चहा त्यात ओतून समोर तो बसायचा त्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.