अण्णांची गिटार आणि साडेपाच मिलिमीटर

श्री. यशवंतराव बोराटे, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली ओळख त्यांनी नाकारलेल्या छत्तीस बुशांमुळे, म्हणजे मशीनच्या दांड्यावर बसणाऱ्या कड्यांमुळे, झाली. भोसरीच्या कंपनीत लेथवर लागून मला तिसरा आठवडा होता. जालना जिल्ह्यातून आलेलो, आयटीआयचं तोंड न पाहिलेला आणि तरी स्वतःला कारागीर समजणारा. अण्णा तेव्हा क्वालिटीत इन्स्पेक्टर होते. त्यांनी माझ्या सगळ्या बुशांना लाल पट्टी लावली. भोक मिलिमीटरच्या तीन शतांशाने मोठं होतं. मी म्हणालो, "साहेब, बसतंय की व्यवस्थित." ते म्हणाले, "बसतंय ते समदंच बरोबर नसतंय, शिंदे. गेज कसा धरता, दावा बरं." मी गेज तिरका धरत होतो. पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा डबा अर्धा ठेवून त्यांनी मला माप घ्यायला शिकवलं. मी कुणाकडे काही शिकलो नाही असं नेहमी सांगतो. हा एक अपवाद इथे नोंदवतो.

अण्णांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी गौरव समितीने मला विषय दिला तो 'अण्णांची काटेकोर वृत्ती' असा. विषय सोपा होता. कंपनी चाकणला गेल्यावरही त्यांच्या सहीशिवाय एक क्रेट गेटबाहेर पडत नसे, हे इथले निम्मे वाचक जाणतात. पण गेल्या तीन महिन्यांत असं काही घडलं, की हा लेख लिहायला बसताना मी गोंधळलेलो होतो आणि अजूनही आहे. घडलेलं वगळून लिहू का, असं मी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "वगळलं तर मग कशापायी लिवायचं?" म्हणून लिहितो.

अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमात अण्णांनी गिटार वाजवावी, अशी समितीची इच्छा होती. कामगारांच्या ऑर्केस्ट्रात ते पंधरा वर्षं वाजवत. ती गिटार अण्णांच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये दिवाणात, गाद्यांच्या खाली, खताच्या गोणीत गुंडाळलेली निघाली. अण्णांच्या पत्नी सुमनकाकूंनी ती माझ्या स्वाधीन केली. "हिला वाजती करा, न्हाईतर एकदाची नेऊन टाका. माझ्या गाद्या वर येत्यात." नोकरी सोडल्यापासून तळेगावात माझं छोटं दुकान आहे, बँजो पार्टीचे बँजो आणि भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर मी दुरुस्त करतो. गिटारही करतो.

गोणी सोडली आणि पहिल्यांदा चक्रावलो. या गिटारमधली कुठलीच गोष्ट दुसरीच्या ओळखीची नव्हती. धड सागवानाचं, फाउंड्रीतल्या एका पॅटर्नमेकरने साच्याच्या उरलेल्या लाकडातून कापलेलं. दांडी कोलकात्याच्या एका मोडक्या गिटारची. तारांचा आवाज उचलणारी दोन पिकअप; एक त्याच गिटारचं, दुसऱ्याची तार मोटारी भरणाऱ्या कारागिराने गुंडाळलेली. बटणं जुन्या रेडिओची. पुढची पांढरी पट्टी मशीनच्या गार्डमधून कापलेल्या ॲक्रिलिकची. आणि ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आमच्या टूलरूममध्ये मिलिंग केलेला पितळी. तीन शतांशासाठी छत्तीस बुश बाद करणाऱ्या माणसाने असलं कडबोळं पंधरा वर्षं गळ्यात अडकवलं कसं, हे मला कळेना.

दांडी वाकली होती. आतली सळई पाव-पाव फेरा आवळत पाच दिवसांत सरळ केली. झिजलेले फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, समपातळीत घासले. गंजलेल्या वायरी बदलल्या, बटणांची खरखर काढली. मग मापं घेतली. दांडीच्या टोकापासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच तिथून ब्रिजपर्यंत असावं लागतं. दोन-तीन मिलिमीटर जास्तीची सूट द्यायची असते. ती सूट धरूनही अण्णांचा ब्रिज साडेपाच मिलिमीटर मागे होता. खुली तार सा धरली, तर बाराव्या फ्रेटवर वरचा सा मिळायला हवा. मिळत होता तो उतरलेला. मी सहा वेळा मोजलं. मग जुनी भोकं सागवानाच्या खुंट्या ठोकून बुजवली आणि ब्रिज जिथे हवा तिथे बसवला. सूर तपासणाऱ्या ट्यूनरचा काटा प्रत्येक सुरावर मधोमध उभा राहिला. अण्णांना त्यांच्याच कसोटीला उतरलेलं काम दाखवायचं, या अभिमानाने मी मोशीला गेलो.

अण्णांनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली. प्रत्येक लांब सूर चढा लागत होता.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "कोण वाजवतंय वो?"

"मीच की."

"तुमी न्हाई वाटत."

मी ट्यूनर लावला, काटा मधोमध. मी स्वतः वाजवली, बरोबर. अण्णांनी घेतली, परत चढी. मग मी त्यांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं. तार दाबली, की बोट तिला केसभर वर ढकलत होतं. प्रत्येक तारेला, प्रत्येक फ्रेटवर, वर जाताना थोडं जास्त. ब्रिज मागे असल्यामुळे उतरणारा सूर ती बोटं पंधरा वर्षं भरून काढत आली होती. आता भरून काढायला काही उरलं नव्हतं, पण बोटांना ते कोण सांगणार?

"मी ढकलतोय व्हय?" अण्णांनी विचारलं. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

"अण्णा, ब्रिज कुणी बसवला होता?"

"मीच."

"कशाने मोजून?"

"नजरेनं. त्याच दिवशी प्रोग्राम हुता."

मी म्हटलं, एका दुपारचं काम आहे, ब्रिज परत मागे नेतो. कार्यक्रमात तुम्ही पूर्वीसारखं वाजवाल. त्यांनी ऐकलं नाही. ते दुसऱ्याच विचारात होते. "शांतारामची गिटार बरोबर हुती म्हंजे," ते म्हणाले.

शांताराम पवार हे त्याच ऑर्केस्ट्रातले दुसरे गिटारवादक. एका तालमीत अण्णांनी त्यांची गिटार हातात घेऊन वाजवून पाहिली होती. सूर चढे लागले. अण्णांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, हिचा ब्रिज चुकलाय. इन्स्पेक्टरच म्हणतोय म्हटल्यावर कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. पवारांनी पुढे गिटार सोडली आणि ऑर्केस्ट्रात खुळखुळा धरला.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना गाडीवर मागे बसवून तळेगावला पवारांकडे नेलं. गिटार दोघांच्या मधे आडवी. पाणी येण्याआधीच अण्णा बोलून मोकळे झाले. "शांताराम, तुझी गिटार बरोबर हुती. माझी चुकलेली. माझा हात चुकलेला."

पवार ऐंशीकडे झुकलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं लागली राव तुझ्या इन्स्पेक्शनला."

"तुला म्हाईत हुतं?"

"मला कुठलं? मी तुझंच खरं धरलं. गिटार भाच्याला दिऊन टाकली. म्हणलं, आपला कानच खोटा." मग चष्मा परत लावत, "घरात पोरीबी गाणं म्हणायला बसल्या का मी उठून जायचो. उगं चुकीचं काय सांगायला नको."

अण्णा खाली बघत होते. मला वाटलं, सगळं माझ्यामुळे झालं. मी ब्रिजला हात लावला नसता, तर अण्णा गोड वाजवून घरी गेले असते, आणि पवारांना निदान नव्याने दुखलं नसतं. काम अचूक केल्याचा असा पश्चात्ताप मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. तो करावा की नाही, हेही मला ठरवता येत नाही.

पवारांनी गिटार मागून घेतली. बोटं ताठर झालेली. पहिल्या दोन-तीन सुरांना तार नुसती फडफडली. चौथा लागला. स्वच्छ, जिथल्या तिथे. त्यांनी तोच पुन्हा वाजवला, मग पुन्हा. आतून त्यांची सून दारापर्यंत आली आणि चहाचं विचारायचं विसरून उभी राहिली.

"ठिव तुझ्याकडंच," अण्णा म्हणाले. "आन मला शिकव. माझी बोटं सरळ करून दे."

"पंचाहत्तरीला?"

"मग काय शंभरीला?"

तेव्हापासून दर गुरुवारी मी अण्णांना तळेगावला नेतो. पवार शिकवताना बोटावर पेन्सिल मारतात. ज्यांच्या टेबलापाशी अख्खी शिफ्ट घाबरत जायची ते अण्णा तो मार निमूट खातात. तिसऱ्या तारेवर बोट अजून ढकलतं. ब्रिज मागे नेऊ का, असं मी आणखी एकदा विचारलं तेव्हा पवारच माझ्यावर खेकसले.

समितीने पत्रिकेत 'अण्णांचे गिटारवादन' असं छापलं आहे. ते तसं होणार नाही, हे इथे सांगून ठेवतो. वाजवणार आहेत शांताराम पवार. अण्णा त्यांच्या शेजारी खुळखुळा घेऊन बसणार आहेत. तालीम चालू आहे आणि ताल पक्का आहे, तो मी स्वतः मोजला आहे. हा काटेकोरपणा म्हणायचा, की दुसरं काही, ते वाचकांनी ठरवावं. मला दिलेल्या विषयात हे बसतं की नाही, तेही मला सांगता येत नाही.

अण्णांची बोटं पूर्ण सरळ व्हायला दहा वर्षं लागतील, असा पवारांचा अंदाज आहे, आणि अण्णांनी तो मान्य केला आहे. ती दहा वर्षं दोघांनाही मिळोत, धडधाकट गुडघ्यांनी आणि नीट ऐकू येणाऱ्या कानांनी. आणि त्यांना गुरुवारी तळेगावला नेण्याइतका मीही धड राहो, एवढंच मागणं.