एक रेघ न ठेवणारा मुश्ताक

माजरीच्या मुश्ताकला राग यायला फार काही लागत नसे. दुरुस्त झालेला टीव्ही पाहून गिऱ्हाईक "चालते, राहू द्या" म्हणालं, की हा बाबा तो परत उघडायचा. पडद्यावर एक रेघ राहिली तर त्याला घास उतरत नसे. त्याची बायको आबिदा म्हणायची, याचं लग्न माझ्याशी नाही, त्या रेघांशीच लावायला हवं होतं. पुढं सपाट टीव्ही आले, गावच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतले डबा टीव्ही भंगारात गेले, मुश्ताकची मिजास मात्र होती तेवढीच राहिली.

म्हणून मोहर्लीच्या सोमाजीचा निरोप आला तेव्हा गडी खुलला. वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सोमाजीनं घरातच दोन खोल्या काढल्या होत्या. शहरातल्या लोकांना जुनंपानं आवडतं, म्हणून आपल्या शाळकरी वयातला कॅसेटवाला टीव्ही गेम अन एक डबा टीव्ही त्यानं पडवीत मांडला होता. पण चित्रात रेघा यायच्या. पाहुणे हसायचे, अन ते सोमाजीच्या जिव्हारी लागायचं.

मुश्ताकनं गेम उघडला. कॅसेटच्या पिना स्पिरिटनं पुसल्या, अडॅप्टरमधला फुगलेला कपॅसिटर बदलला. जाड रेघा गेल्या. दिवस कलला तशी पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ मात्र येत-जात राहिली. हा उठून परसात गेला. तिथं धानाच्या बांधीभोवती, म्हणजे भातखाचराभोवती, वीतभर खुंट्यांवर उघडी तार ओढलेली होती, तिला विहिरीजवळच्या विजेच्या खांबावरून आकडा टाकून करंट दिलेला. रानडुकरांसाठी. तारेला ओलं गवत लागलं की बारीक ठिणगी उडायची, अन तिचाच कचरा अँटेनाच्या वायरीतून पडद्यावर यायचा.

"सोमाजीभाऊ, बिमारी गेमात नाई, तुमच्या तारेत आहे," मुश्ताक म्हणाला. "एखादा माणूस मरंल."

"तू चित्राचं पाय. वावर माझं आहे."

सोमाजी फोनवर बोलत अंगणात गेला. त्याची बायको रंभा चहा घेऊन आली अन हळूच म्हणाली, "भाऊ, थोड्या रेघा राहू द्या ना. हे आकडा कवा टाकते, कवा काढते, सांगत नाई. विचारलं त म्हणते, पाय पडला की कळते. विहीर घरातून दिसत नाई. म्हणून मी अन सासूबाई टीव्ही लावून पायतो. ठिपके दिसले की आमी वावरात जात नाई."

आता सांगा, माणसानं यापेक्षा साफ काय सांगायचं? पण मुश्ताकच्या कानात त्यातलं एकच गेलं, रेघा राहू द्या. "बाई, अर्धवट काम माझ्या हातून होत नाई," तो म्हणाला. "अन नवरा आहे तो तुमचा, सांगंल ना तुमाले." सोमाजी सांगणार नाही, हे बोलताना त्याला पक्कं ठाऊक होतं. गड्याला तिथं थांबता आलं असतं. थांबला नाही. त्यानं अँटेनाच्या वायरीतून येणारं चित्र तोडलं अन गेमच्या बोर्डावरून नवी वायर काढून पिवळ्या पिनेनं थेट टीव्हीला जोडली. अँटेनाची जुनी वायर मागं लोंबती ठेवली. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. मुश्ताक त्याच्याकडं बघत इतका सुखावला की रंभा केव्हा आत गेली तेही त्याला कळलं नाही.

धान कापणीला आलं तेव्हा बातमी आली. रंभा गेली. सोमाजीनं तार गुंडाळून लपवली अन मोटरच्या वायरीवर पाय पडला म्हणून गावभर सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आबिदानं वाढलेल्या ताटावरून मुश्ताक उठला.

तो मोहर्लीला भेटायला गेला तेव्हा पुन्हा दिवस कलला होता. सोमाजी पाहुण्यांना आणायला जंगलाच्या गेटवर गेलेला. पडवीत रंभाची सासू गिरजाबाई हातात टोपली घेऊन टीव्हीसमोर उभी होती. गेम चालू, खेळणारं कोणी नाही.

"रंभा गेली तवा बी असंच साफ होतं," म्हातारी म्हणाली. "तिनं पायलं, अन वावरातून वासरू आणाले गेली. पोरानं आता तार पुन्हा लावली, भाऊ. वासराले मलेच जा लागते. ते रेघा परत आणाची काही जुगत आहे काय तुमच्याजवळ?"

मुश्ताकनं पिवळी पिन उपटली अन लोंबती वायर जागेवर खोचली. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ सरसरत आली. म्हणजे आकडा टाकलेलाच होता. गिरजाबाईनं टोपली खाली ठेवली अन ती तिथंच बसली. मुश्ताकला रडू फुटलं.

तेवढ्यात सोमाजी पाहुणे घेऊन आला. पडदा पाहून त्याचं डोकं सणकलं, पण लोकांसमोर तो हसला. त्यानं वाकून पिवळी पिन पुन्हा बसवली, जुनी वायर ओढून तोडली अन खिशात घातली. मग मुश्ताकच्या पाठीवर थाप मारली.

"हा आमचा माजरीचा कारागीर," तो पाहुण्यांना म्हणाला. "एक रेघ ठेवत नाई."

पाहुण्यांनी वाहवा केली. मुश्ताकनं बोलायला तोंड उघडलं, अन मेल्यानं सवयीनं मान तुकवून सलाम केला.

"माय, वासरू आणाचं रायलं ना अजून," सोमाजी म्हणाला. "बसली कायले?"

गिरजाबाईनं टोपली जवळ ओढली अन त्या साफ पडद्याकडं बघत बसून राहिली.