नवसाच्या चिंध्या
वेट वाइप्सचा तो खोट्या लिंबाचा वास आला की मी अजून नाक दाबते. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना आम्ही मे महिन्यात वेल्समधल्या एका नदीवर नेलं होतं, समुद्राकडे निघालेली सॅमन माशांची पिल्लं दाखवायला. नदी दिसताच त्यांनी सवयीने पाणी डोळ्यांना लावलं. काठच्या फांद्यांवर पांढऱ्या चिंध्या लोंबत होत्या. "इथेही नवस बोलतात?" म्हणत त्यांनी हात जोडले. "आई, ते संडासात टाकलेले वाइप्स आहेत, मैल्याबरोबर वाहत आलेले!" नवरा ओरडला. "मग मी डोळ्यांना लावलं ते पाणी?" मी पर्समधलं वाइप्सचं पाकीट पुढे केलं. त्या डोळे चोळत राहिल्या, आणि त्याच घाणीतून बोटभर चंदेरी पिल्लं खाली चालली होती. शी! सासूबाईंना निदान डोळे पुसता आले. माशाला तर पापणीही नसते.