सारख्या वर्गणीचे सहा चेहरे

नोव्हेंबर १९९८, शुक्रवार सकाळ. रक्कम सहाशे दिऱ्हाम, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ सात हजार रुपये. जागा दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल. हजर आम्ही सहा घरांतले सहा बाप, चहा देणारी माझी बायको, आठवीतली मुलगी आणि शेजारच्या वहिनी.

सहाही घरांची मुलं ऊद मेथाच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात. शाळेच्या प्रदर्शनात त्यांच्या वाट्याला इटलीतला प्रबोधनकाळ आला होता. मागे लावायला आठ फूट बाय पाच फुटांचं चित्र हवं होतं: बाळ येशूच्या दर्शनाला तीन राजे लवाजम्यासह डोंगरावरून उतरताहेत. वहिनी पुण्यात चित्रकला शिकवत. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्यापासून चार वर्षांत त्यांनी रांगोळ्या आणि वाढदिवसाचे फलक काढले, आणि दर वेळी ‘वा, छान’ एवढंच मिळवलं. या वेळी त्यांनी सरळ सांगितलं, “काढीन, पण मोबदला घेऊन.”

“अहो वहिनी, घरचंच तर काम आहे,” ट्रॅव्हल एजन्सीवाले म्हणाले.

“घरचं असतं तर माझ्या भिंतीवर लागलं असतं.”

शेवटी प्रत्येकी शंभर ठरले, रंग-कापडासह. वहिनी कुकर बंद करायला घरी गेल्या. तेवढ्यात मुलीने तिच्या प्रोजेक्टमधली माहिती सांगितली. तेव्हाचे इटलीतले व्यापारी चित्रकाराशी लेखी करार करत. निळा रंग कोणत्या प्रतीचा वापरायचा, हेसुद्धा त्यात असे, कारण चांगला निळा रंग फार महाग पडायचा. “अँड बाबा, द पीपल हू पेड गॉट देमसेल्व्ज पेंटेड इन!”

“म्हणजे आपणही आत पाहिजे,” ट्रॅव्हल एजन्सीवाले लगेच म्हणाले.

मी अकाउंट्समधला माणूस. करार तिथेच लिहून काढला. निळा रंग चांगल्या कंपनीचा. चेहरे वहिनींनी स्वतः रंगवायचे. आणि कलम चार: वर्गणी सारखी, म्हणून सहाही चेहरे सारखे, चार-चार इंचांचे. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. सहा सह्या झाल्या, आणि आमचे चेहरे चित्रात घालायचेत एवढा निरोप मुलीने वहिनींना पोचवला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही बायकामुलांसह वहिनींकडे कच्चं चित्र बघायला गेलो. कापडावर पेन्सिलने मिरवणूक उतरली होती. पुढचा घोडेस्वार मी होतो, चेहरा चार इंच. वळणावळणाने माणसं लहान होत गेली होती. डोंगरमाथ्यावरच्या ट्रॅव्हल एजन्सीवाल्यांचा चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा.

“हे काय? मी काय शंभर दिऱ्हामऐवजी शंभर फिल्स दिले?” ते कडाडले.

“भाऊजी, लांबचा माणूस लहानच दिसणार. इटलीतल्या त्या चित्रकारांनी हेच तर हिशेबाने बसवलं. बघा, सगळ्या रेषा इथे या एका बिंदूत जातात.”

“मग सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवा.”

“मग फोटो स्टुडिओत जा. खलास.” वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली आणि कापड गुंडाळायला घेतलं.

“बाबा, यू आर स्पॉइलिंग इट,” मुलगी हळूच म्हणाली.

कापड एकदा गुंडाळलं की वहिनी परत फलकांवर जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी त्यांना थांबवलं आणि फूटपट्टी घेऊन मोजायला बसलो. पुढच्या घोड्यापेक्षा माणूस दहापट लांब असेल तर चार इंचांचा चेहरा अर्ध्या इंचाहूनही कमी व्हायला हवा. तसाच होता. मधले चारही जण हिशेबात बसले.

“गणित बरोबर आहे,” मी सगळ्यांना सांगितलं आणि ट्रॅव्हल एजन्सीवाल्यांकडे वळलो. “तुम्हाला तिथे चार इंच दिले तर तुमचं डोकं डोंगरावर मावणार नाही.”

“त्यांचं आताच कुठे मावतंय!” त्यांची बायको म्हणाली. हसू थांबल्यावर मी कलम चार खोडलं आणि जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. घोडा दुसऱ्या कुणाला गेला. डोंगरमाथा मात्र पुन्हा त्याच गृहस्थांच्या नशिबी आला.

“यल्ला, चला, मी मागे. पण फेटा सोनेरी पाहिजे.”

“सोनेरी वर्खाचे पन्नास वेगळे,” वहिनी म्हणाल्या.

“पन्नास? जवळजवळ सहाशे रुपये झाले की! मसुरीला?”

“मसुरीला नाही, फेट्याला.”

प्रदर्शनाच्या दिवशी हे गृहस्थ सकाळपासून चित्राजवळ उभे. येईल त्याला डोंगरावरचा चमकता ठिपका दाखवत होते. घोड्यावर बसलेल्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

प्रदर्शन संपून चित्र भिंतीवरून उतरवल्यावर मी पाकीट काढलं आणि सवयीने वहिनींच्या यजमानांसमोर धरलं. ते फुजैराच्या बंदरात नोकरीला, सुट्टीपुरते आलेले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. “चित्र काय मी काढलंय? मला तर रेघ मारता येत नाही.”

वहिनींनी नोटा दोनदा मोजल्या. एकूण दिले सहाशे पन्नास दिऱ्हाम, रोख, चित्रकार वहिनींना.