अनुमोदनाला कोण?

माझे मामा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधांच्या खिडकीमागे त्यांनी बत्तीस वर्षं काढली. चिठ्ठी वाचायची, गोळ्या पुडीत बांधायच्या आणि पुडीवर कधी घ्यायच्या ते लिहायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी ते पुडीवर चित्र काढत. सकाळसाठी उगवता सूर्य, दुपारसाठी पूर्ण गोल, संध्याकाळसाठी चंद्रकोर. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की लोक पुड्या टाकून देत नसत, असं मामी म्हणायची. माणूस नाकासमोर चालणारा. शेजारी भांडण लागलं तर हे आपली खिडकी लावून घेणार.

असा माणूस राजकारणात कसा पडला, तर त्या दवाखान्यातल्या मावशींमुळे.

मावशी बाळंतपणाच्या वॉर्डात झाडलोट करायच्या, चादरी धुवायच्या. थोरले डॉक्टरसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. एके दिवशी वरून कागद आला, की हा वॉर्ड बंद होणार आणि बायकांनी बाळंतपणाला दोन तास लांबच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. खाटा न्यायला गाडी आली त्या सकाळी मावशींनी वॉर्डाच्या दारात एक बाक आडवा टाकला आणि त्यावर बसल्या. साहेब आले, त्यांनी समजावलं, मग दम दिला. मावशी म्हणाल्या, "उचला मला. पण बाकासकट उचलायचं, माझा पाय दुखतो."

त्या एक्केचाळीस दिवस बसल्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ दोनच माणसं होती, अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि आमचे मामा. ड्रायव्हर बोलका, लोक गोळा करायचा. मामा अर्ज लिहायचे. मावशी सांगायच्या आणि मामा त्यातल्या शिव्या गाळून सुवाच्य अक्षरात उतरवायचे. मग गाव जमलं, वर्तमानपत्रात फोटो आला आणि कागद मागे घेतला गेला. वॉर्ड राहिला.

एवढं झाल्यावर लोकांच्या अंगात बळ आलं. दर वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहण्यापेक्षा आपलाच पक्ष काढू, अशी बोलणी सुरू झाली. कॉलेजात शिकवणारे एक सर पुढे आले. आंदोलनाच्या शेवटच्या दहा दिवसांत त्यांनी चांगली भाषणं केली होती. पक्षाची घटना त्यांनीच लिहिली. त्रेसष्ट संस्थापक सभासदांच्या सह्या झाल्या, आणि रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पहिली सभा घेऊन अध्यक्ष निवडायचं ठरलं. नियम साधा होता. एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने हात वर करून अनुमोदन द्यायचं. अनुमोदन नसेल तर नाव बाद. दोन नावं राहिली तर चिठ्ठ्या टाकून मतदान.

"मावशींचं नाव मी सुचवतो, अनुमोदन तुम्ही द्या," ड्रायव्हर मामांना म्हणाला.

"देतो की," मामा म्हणाले. मावशी तिथेच बादली पिळत होत्या. त्या नुसत्या हसल्या.

शनिवारी संध्याकाळी सर मामांच्या घरी आले. याआधी ते कधी आले नव्हते. मामीने चहा केला. सरांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, तिच्यावरच्या मामांच्या हातच्या नोंदी पाहिल्या आणि म्हणाले, "कंपाउंडर, पक्षाचा चिटणीस म्हणून माझ्या डोळ्यांसमोर फक्त हे अक्षर आहे."

मामा लाजले. सर पुढे सरकून बसले. "मावशींबद्दल बोलायला आलोय. मावशी म्हणजे आपल्या पक्षाचा आत्मा. पण आत्म्याला खुर्ची कशाला हवी, सांगा बघू? उद्या मोठ्या लोकांसमोर बसून वाटाघाटी करायच्या. तिथे त्यांना कुणी हसलं तर आपल्यालाच वाईट वाटेल. तुम्ही त्यांच्या जवळचे. त्यांना जपणं तुमच्या हातात आहे."

सर गेल्यावर मामी कप उचलत म्हणाली, "चढवलं तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर."

"मी काही हो म्हटलं नाही."

"नाहीही म्हटलं नाहीत."

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या तीन ओळींत सरांची माणसं होती. मावशी मागे बायकांमध्ये बसल्या होत्या, धुऊन इस्त्री केलेली साडी नेसून. मामांना दुसऱ्या ओळीत जागा ठेवलेली होती, खुर्चीवर त्यांच्या नावाचा कागद चिकटवून. असा कागद आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आला होता. ते बसले.

एक निवृत्त हेडमास्तर सभा चालवत होते. सरांचं नाव आलं, अनुमोदनाला एकदम पाच-सहा हात वर गेले. मग ड्रायव्हर उभा राहिला आणि त्याने मावशींचं नाव घेतलं. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"अनुमोदनाला कोण?" हेडमास्तरांनी विचारलं.

मामांच्या हातात पेन होतं. ते खाली पडलं. पडलं की त्यांनी पाडलं, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. ते उचलायला ते वाकले. पेन त्यांच्या बुटापाशीच होतं. ते त्यांच्या हातात आलं आणि तरी ते वर उठले नाहीत.

"अनुमोदन?" हेडमास्तर पुन्हा म्हणाले.

मामांना पुढच्या माणसाच्या चपला दिसत होत्या. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. कुणीतरी खोकलं. मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "कंपाउंडर?" मामा खालीच. इतर लोक एकमेकांकडे पाहू लागले. अनुमोदन कंपाउंडर देणार हे बऱ्याच जणांना माहीत होतं. तेच गप्प आहेत म्हणजे मावशींनीच नको म्हटलं असेल, असं त्यांना वाटलं.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो. अनुमोदन नाही? मग नाव बाद."

सर बिनविरोध निवडून आले. मामा पेन घेऊन सरळ बसले तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्यांनीही वाजवल्या. लगेच चिटणीसपदासाठी त्यांचं नाव आलं, तेही बिनविरोध.

त्याच दुपारी सरांच्या घरी बसून त्यांना सभेचं इतिवृत्त लिहावं लागलं. सर म्हणाले, "ड्रायव्हरचं ते नोंदीत नको. उगाच वाद. नाव बादच झालंय ना?" मामांनी लिहिलं, 'अध्यक्षपदासाठी दुसरे नाव आले नाही.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

सोमवारी मावशी औषधांच्या खिडकीपाशी आल्या. मामांना वाटलं, आता आपली धडगत नाही. मावशी म्हणाल्या, "ड्रायव्हर तुमच्यावर चिडलाय. मी त्याला म्हटलं, भाऊंना ऐकूच गेलं नसेल. हॉलमध्ये आवाज घुमतो. नाही गेलं ना ऐकू?"

हीच ती वेळ होती. रांगेत त्या क्षणी कुणी नव्हतं.

"नाही हो मावशी," मामा म्हणाले. "हल्ली मला जरा कमीच येतं ऐकायला."

"तेच म्हटलं मी," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मावशी त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागल्या. त्यांचं बघून नर्सेस आणि शिपाईही. महिन्याभरात पेशंटांपर्यंत बातमी गेली, की खिडकीवरच्या कंपाउंडरना ऐकू येत नाही. लोक जाळीला तोंड लावून ओरडू लागले. एक भारदस्त गृहस्थ मूळव्याधीचं मलम मागायला आले. हळू आवाजात मागितलं, मागच्याने सांगितलं, "मोठ्याने बोला, त्यांना कमी ऐकू येतं." बिचाऱ्याने डोळे मिटून आपला आजार साऱ्या रांगेला ऐकवला. मामांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. पण ते "काय?" म्हणाले, कारण आता तसं म्हणणं भाग होतं.

घरीही सवय लागली. मामी म्हणायची, "दवाखान्यात बहिरे असा, घरात माझं ऐका."

कानाचे डॉक्टर महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी यायचे. वर्ष सरत आलं तेव्हा मावशींनी मामांचं नाव यादीत घातलं, त्यांना न विचारता. "कामाच्या वेळात जायचं, मी मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेतलीये," असं खिडकीपाशी ओरडून सांगितलं आणि हाताला धरून घेऊन गेल्या.

आत एक छोटी खोली होती, भिंतींना जाड स्पंज लावलेला. मामांच्या कानांवर हेडफोन चढवले. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज येतील. ऐकू आला की हात वर करायचा." काचेपलीकडे मावशी उभ्या होत्या, पदराने हात पुसत.

मामांनी ठरवलं होतं की तीनातून एकदाच हात वर करायचा. गणित सोपं होतं. पहिला आवाज आला. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मामांची लबाडी करायची ताकदच संपली होती. त्यांनी हात वर केला. दुसऱ्याला केला, तिसऱ्याला केला. आवाज बारीक होत गेले, मुंगी चालल्यासारखे झाले, तरी त्यांना येत राहिले आणि ते हात वर करत राहिले.

डॉक्टरांनी मावशींना आत बोलावून तपासणीचा कागद दाखवला. "अहो, यांचे कान विशीतल्या माणसासारखे आहेत. कमी ऐकू येतं असं सांगितलं कुणी?"

मावशी कागदावरच्या रेघेकडे बघत राहिल्या. तिच्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण त्या बघत होत्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "माझा समज झाला."

मग मामांना म्हणाल्या, "चला भाऊ, खिडकीवर रांग लागली असेल." त्या साध्या आवाजात बोलल्या. पुढेही त्या त्यांच्याशी साध्याच आवाजात आणि कामापुरतंच बोलत राहिल्या.

मामांचं जेवणावरून मन उडालं. आठ दिवसांनी त्यांनी मामीला पेन पडल्यापासून सगळं सांगितलं. मामीने ऐकून घेतलं. "मला सांगून काय होणार? मी त्या हॉलमध्ये नव्हते. जे होते त्यांना सांगा."

त्याच महिन्यात पक्षाची वार्षिक सभा होती. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. चिटणीस म्हणून मामा उभे राहिले. 'दुसरे नाव आले नाही' इथपर्यंत वाचलं आणि थांबले.

"हे मी खोटं लिहिलंय," ते म्हणाले. "मावशींचं नाव आलं होतं. अनुमोदन मी देणार होतो. मला ऐकू आलं होतं, तिन्ही वेळा. मी मुद्दाम खाली वाकून बसलो. दुरुस्ती करायची आहे."

पुढून कुणी म्हणालं, "आता काय उपयोग त्याचा?" मागून ड्रायव्हर म्हणाला, "उपयोग असो नसो, लिहा."

मग सर उठले. शांतपणे, हसत. मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मित्रहो, चूक उघडपणे कबूल करणारा चिटणीस दुसऱ्या कुठल्या पक्षात आहे? हा प्रांजळपणा हीच आपली ताकद आहे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तीन ओळींनी सगळ्यात जास्त.

मामा मला म्हणाले, "वाकून बसलो त्या दिवशी वाटली नाही एवढी लाज मला त्या टाळ्यांची वाटली." दुरुस्तीच्या दोन ओळी त्यांनी लिहिल्या, खाली सही केली आणि त्याच कागदामागे राजीनामा लिहून दिला.

मावशी त्या सभेला नव्हत्या, त्यांची ड्यूटी होती. मामा तसेच दवाखान्यात गेले. मागच्या अंगणात मावशी दोरीवरच्या चादरी काढत होत्या. मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर शनिवारी आले होते तेही, इतिवृत्ताचंही, टाळ्यांचंही. मावशी चादर काढत राहिल्या.

"मला वाटलं होतं," मामा शेवटी म्हणाले, "की तुम्हाला तसंही ते पद नकोच असेल. ड्रायव्हरच्या आग्रहाखातर तुम्ही तयार झाला असाल."

"असं वाटलं तुम्हाला?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

मावशींनी चादर छातीशी धरली. "मला हवं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतं मला नको होतं. साडी इस्त्रीला टाकली होती मी. निवडून आल्यावर काय बोलायचं ती चार वाक्यं लेकीसमोर पाठ म्हणून दाखवली होती."

"कुठली वाक्यं?"

"आता कशाला," म्हणून त्या चादरी घेऊन आत गेल्या.

सर पुढे पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, एकदा नव्हे, दोनदा. वॉर्ड अजून आहे, खाटा निम्म्या झाल्या. ड्रायव्हर वर्षभराने मामांशी पुन्हा बोलू लागला, आधी नुसतं "काय, बरं ना" एवढंच. मावशी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या. जाताना खिडकीपाशी येऊन त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या आणि "येते" म्हणाल्या. मामांना अजून बोलायचं होतं, पण मागे रांग होती.

हे सगळं मामांनी मला सांगितलं तेव्हा ते स्वतःही निवृत्त झाले होते. मी भाची म्हणून त्यांना बरं वाटावं असं काहीतरी बोलायला गेले. म्हटलं, आता तशी वेळ आली तर तुम्ही नक्की हात वर कराल.

"कोण जाणे," मामा म्हणाले. "त्या दिवशी सकाळी घरातून निघालो तेव्हाही मला वाटत होतं, की मी करणारच आहे."